बल्ब सिरीजमध्ये लावला तरी कुंपणातला करंट माणूस मारतो

तुरीला शेंगा धरल्या, हरभरा वीतभर झाला, की आमच्या भागात दरवर्षी एक व्हिडिओ फिरू लागतो. लाकडी फळीवर होल्डर, त्यात १०० वॅटचा पिवळा बल्ब. एक वायर बोर्डात, दुसरी वावराच्या कुंपणाच्या तारेला. खाली मजकूर असा: डुकरं आणि रोह्यांचा (नीलगायींचा) बंदोबस्त अगदी स्वस्तात. बल्ब सिरीजमध्ये (करंटच्या वाटेतच, एकामागे एक) असल्यामुळे माणसाला काही होत नाही. एकच वायर असल्यामुळे सर्किट पूर्ण होत नाही. कुंपणाला लावायची झटका मशीन ८००० व्होल्ट देते, ही तर घरची २३० व्होल्टची लाईट. पायात रबरी चप्पल ठेवा. आणि जास्तच झालं तर एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडते.

मी मोटरी भरायचं (जळालेली वाइंडिंग नव्याने गुंडाळायचं) दुकान चालवतो. या हंगामात तिघांनी हा व्हिडिओ दाखवून माझ्याकडे होल्डर मागितला. तिघांनाही दिला नाही. त्यांना तोंडी जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण त्या मजकुरातला एकही दिलासा खरा नाही, आणि चूक कळेपर्यंत कुणाचा तरी जीव गेलेला असतो.

आधी बल्ब, कारण सगळा भरवसा त्याच्यावर आहे. ही कल्पना निघाली कुठून तेही मला माहीत आहे. ती आमच्याच दुकानांतून निघाली. मोटर भरून झाली की आम्ही ती थेट लाईनवर घेत नाही, आधी सिरीज बोर्डावर घेतो. वाइंडिंग शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, तार जळत नाही, फ्यूज उडत नाही. हे बघून लोकांनी अर्थ काढला, की बल्ब करंट मारून टाकतो. एका कास्तकाराने मला छाती ठोकून सांगितलं, "म्या सोता तार जमिनीत खुपसून पाह्यली भाऊ, नुसता बल्ब लागला."

त्याने पाहिलं ते खरं होतं. ओल्या जमिनीत तार नीट खुपसली की पुढे अडवणारं फारसं काही उरत नाही, म्हणून जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट बल्बवर येतात आणि तो झगझगतो. पण तारेला माणूस लागला की हिशेब फिरतो. सिरीजमध्ये व्होल्टची वाटणी रोधाप्रमाणे, म्हणजे कोण करंट किती अडवतं त्याप्रमाणे होते. ज्याचा रोध मोठा, त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. मी त्याच्यासमोर काउंटरवरचा १०० वॅटचा बल्ब काढला, मीटर ओहमवर लावला आणि बल्बच्या बुडाला कांड्या टेकवल्या. आकडा आला ४० च्या आसपास. तो म्हणाला मीटर बिघडलं असेल. मीटर ठीक होतं. पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम असतो, पण तो तार पांढरी तापल्यावर. थंड टंगस्टनचा रोध त्याच्या दहाव्या-बाराव्या हिश्श्याइतकाच असतो.

आता माणूस घ्या. हात घामेजलेला, पाय दवाने भिजलेल्या मातीत: अशा माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरतात. पहिल्या क्षणी सर्किटमध्ये १००० अधिक ४०. करंट निघतो २२१ मिलिअँपिअर (एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग). बल्बच्या वाट्याला ९ व्होल्टसुद्धा येत नाहीत, बाकी २२१ व्होल्ट अंगावर. मग बल्ब लालसर मिणमिणू लागतो आणि त्याचा रोध थोडा वाढतो. तो पूर्ण तापला असं धरून सगळी सूट बल्बला दिली, ५२९ ओहम धरले, तरी करंट १५० मिलिअँपिअरच्या खाली जात नाही. बल्ब अजिबात नसता तर तो २३० असता. एवढाच काय तो फरक.

आणि शरीराला किती लागतो? एक मिलिअँपिअरला मुंग्या कळतात. दहा-पंधराला बोटं आपोआप आवळतात आणि तार सोडता येत नाही. माणूस "चिकटला" म्हणतात तो असा. तीसच्या वर धोका गंभीर. पन्नास-शंभर मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेला तर हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरू लागतं, रक्त पुढे ढकललं जात नाही. आपला हिशेब दीडशे ते सव्वादोनशेचा आहे. पिवळ्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी लावणारेही भेटले. तो बल्ब पेटायलाच ४० मिलिअँपिअरच्या आसपास खेचतो. म्हणजे तोही बोटं आवळणाऱ्या हद्दीच्या पलीकडेच.

दुसरं, एकाच वायरीचं. हे बोलणाऱ्याच्या खिशातच त्याचं उत्तर असतं: टेस्टर. टेस्टर फेजला (करंट आणणाऱ्या वायरीला) लावून मागच्या टोपीवर अंगठा ठेवला की आतला दिवा लागतो, अंगठा काढला की विझतो. तिथे न्यूट्रलची (करंट परत नेणारी) वायर कुठे आहे? तरी दिवा लागतो, कारण करंट तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो आहे. टेस्टरच्या आत लाखो ओहमचा रोध बसवलेला असतो, म्हणून पाव मिलिअँपिअरच्या आतच जातो आणि कळत नाही. (माणसाला वाचवायला सिरीजमध्ये काय लागतं, ते इथे दिसतं: लाखो ओहम. बल्बचे चाळीस नव्हेत.)

सर्किट पूर्ण होतं ते डीपीजवळ (गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळ). तिथे न्यूट्रल मुद्दाम जमिनीत गाडलेला असतो. फेजवरून निघालेला करंट कुंपणातून अंगात, अंगातून मातीत आणि मातीतून डीपीच्या अर्थिंगला परत जातो. आपली काळी जमीन ओली असली की करंट चांगला वाहून नेते. मग तारेवरचा कावळा कसा मरत नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन पायांत व्होल्टचा फरक नाही, म्हणून अंगातून करंट जायला कारणच नाही. माणूस तारेला हात लावतो तेव्हा त्याचे पाय जमिनीवर असतात.

कुंपणाची तार तुटून ओल्या वावरात पडली तर हात लावायचीही गरज उरत नाही. तार टेकली तिथे व्होल्ट सर्वांत जास्त आणि तिथून दूर जावं तसे ते उतरत जातात. म्हणजे जमिनीवर पावलापावलाला वेगळे व्होल्ट. माणूस जेवढी मोठी टांग टाकेल तेवढा दोन पायांतला फरक मोठा. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीडेक मीटर लांब, आणि करंटची वाट त्याच्या छातीतून. म्हणून धुरकरी वाचतो आणि बैल जागेवर पडतो. अशा जागेतून निघायचं तर पाय एकमेकांना चिकटवून, छोट्या उड्या मारत निघावं.

८००० व्होल्टचं वाक्य सगळ्यांत जास्त लोकांना पटतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. व्होल्ट म्हणजे ढकलण्याचा जोर. किती प्रभार (साठलेली वीज) गेला आणि किती वेळ जात राहिला, हे एकट्या व्होल्टवरून कळत नाही. पौषातल्या कोरड्या थंडीत अंधारात चादर झटकली की चटचट ठिणग्या दिसतात. हवेतून एक मिलिमीटर ठिणगी उडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. म्हणजे त्या चादरीवर हजारो व्होल्ट होते, आणि तुम्हाला नुसता चटका बसला, कारण साठलेला प्रभार मोजून चिमूटभर होता आणि एका ठिणगीत संपला.

झटका मशीन याच जातीचं आहे. ते आत थोडा प्रभार साठवतं आणि एका झटक्यात सोडून देतं. मानकानुसार झटका एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत संपला पाहिजे, दोन झटक्यांत किमान एक सेकंदाची विश्रांती हवी, आणि एका झटक्यातली ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जायला नको. त्या विश्रांतीत डुक्कर मागे उडी मारतं, माणूस हात काढतो. घरची लाईट विश्रांती देत नाही. करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटतो आणि स्नायू आवळलेलेच राहतात. २०० मिलिअँपिअर आणि १००० ओहम म्हणजे दर सेकंदाला ४० ज्यूल, आणि कुणी लाईन पाडेपर्यंत ते चालूच.

एमसीबीबद्दल दोनच वाक्यं पुरतात. १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, आणि ०.२ अँपिअर खेचणारा माणूस तिच्या हिशेबात छताच्या एका पंख्याएवढाही नाही. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की पडणारा स्विच, आरसीसीबी, वेगळी; ती कुंपणाच्या लाईनला लावली तर गवताच्या ओल्या पात्यावरून होणाऱ्या गळतीनेच पडत राहते, म्हणून लोक ती काढून टाकतात. आकडा टाकलेल्या (चोरून तार अडकवलेल्या) लाईनवर तर यातलं काहीच नसतं.

चप्पल: कोरडी, जाड, नवी असेल तर थोडा आधार. झिजलेली, चिखलाने माखलेली असेल, किंवा गुडघा गवताला टेकला असेल, तर नाही.

त्या मजकुरात नसलेली एक गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. कृषी पंपाला लाईन पाळीने येते, कित्येकदा रात्री. अंधारात त्याच धुऱ्याने मोटर चालू करायला शेजारचा कास्तकार जातो. पहाटे सरपणाला बाया जातात. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रह्मपुरीकडून आणून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात अशाच करंटच्या कुंपणाला लागून मेली. तार कोण आलंय ते बघत नाही. कुणी मेलं तर लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि आकडा असेल तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली वेगळा, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा.

कुणी चिकटलेला दिसला तर त्याला हाताने ओढू नका, ओढणाराही जातो. आधी लाईन पाडा. तो श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा.

होल्डर मागायला आलेल्या त्या कास्तकाराने हे सगळं ऐकून विचारलं, "मंग वावर राखाचं कसं? चार एकर तुरीत एका रातीत डुकरं नाचून जातेत." त्याचं दुखणं खोटं नाही. रानडुकराने लोळवलेली तूर पुन्हा उभी राहत नाही, आणि जागलीला माचीवर बसणारा माणूस आता मिळत नाही. नुकसान दिसल्याबरोबर फोटो काढून वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करायला मी त्याला सांगितलं. जंगलाला लागून असलेल्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदानही मिळतं, त्याची चौकशी रेंज ऑफिसात करायला सांगितली.

मग आम्ही शेजाऱ्यासोबत अर्धा-अर्धा खर्च करून घ्यायच्या झटका मशीनवर बोललो. मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची, तिच्या तारेला घरच्या लाईनचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. तारेखालचं गवत दर पंधरा दिवसांनी कापायचं, नाहीतर झटका गवतातच मुरतो. डुकराच्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून वीतभर, एक तार हवीच. आणि मशीनच्या अर्थिंगचा गज वेगळा ठोकायचा, डीपीच्या आणि मोटरच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर लांब, आणि फेब्रुवारीनंतर जमीन भेगाळली की त्याच्या बुडाशी रोज संध्याकाळी एक बादली पाणी ओतायचं.