आधी बघा, मग बोला: ऑस्करच्या यादीचा माझा नाद

दरवर्षी जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की आमच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "काय मग, यंदाही सगळे बघणार का?" त्यात थोडी चेष्टा असते आणि थोडी काळजीही. नोकरी आहे, घर आहे, मुलाची परीक्षा तोंडावर आलीय आणि ही बाई अमेरिकेतल्या बक्षिसासाठी सिनेमांची यादी घेऊन बसलीय. तर हो, बघणार. का बघणार ते एकदाच सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी नुसती लिंक चिकटवता येईल.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागात कित्येक दशकं पाचच नामांकनं असायची. २०१० च्या सोहळ्यात ती दहा झाली, मध्ये काही वर्षं आकडा खालीवर होत राहिला आणि २०२२ पासून पुन्हा पक्की दहा. सगळे विभाग धरले तर लघुपटांसकट हा आकडा पन्नासच्या आसपास जातो आणि हाताशी असतात जेमतेम काही आठवडे. जगभरात हा उद्योग करणारे लोक आहेत, ते याला 'डेथ रेस' म्हणतात. नाव अगदी रास्त आहे.

आता गंमत बघा. हे सगळं आमच्यासारखे रिकामटेकडे करत असताना ज्यांच्या मतांवर निकाल लागतो त्या अकादमीच्या (म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेच्या) सदस्यांवर मात्र काही मोजके विभाग सोडले तर सिनेमे बघण्याची सक्तीच नव्हती! हॉलिवूडच्या धंद्याच्या बातम्या देणाऱ्या नियतकालिकांत दरवर्षी नाव न छापता सदस्यांच्या मुलाखती येतात. 'तो मी पाहिला नाही, फार लांब आहे', 'अर्ध्यातच बंद केला' असं लोक त्यात बिनदिक्कत सांगतात आणि तरी मत देतात. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने नियम केला की ज्या विभागात मत द्यायचंय त्यातले सगळे सिनेमे पाहिलेले असले पाहिजेत. तो २०२६ च्या सोहळ्यापासून लागू. सदस्यांसाठी अकादमीचं स्वतःचं स्ट्रीमिंग आहे, तिथे पाहिलं की नोंद होते. थिएटरात किंवा महोत्सवात पाहिला असेल तर कधी आणि कुठे ते फॉर्मवर लिहून द्यायचं. शाळेतल्या हजेरीपटाची आठवण येते, पण बरं झालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सदस्यांना पसंतीक्रम लावायचा असतो. न पाहिलेल्या सिनेमाला सातवा क्रमांक देणार की नववा, आणि कशाच्या जोरावर?

सदस्यांना सिनेमा बघायला लावणं किती कठीण, हे आपल्याकडच्या सिनेमांना तर चांगलंच माहीत आहे. २००४ साली 'श्वास' भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निघाला तेव्हा लोकवर्गणी गोळा केली होती, आठवतंय? तो पैसा कशासाठी लागत होता? तिकडे खेळ लावायला, जाहिराती द्यायला, थोडक्यात सदस्यांना खुर्चीत आणून बसवायला. त्याआधी 'लगान'साठी आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर लॉस एंजेलिसला तळ ठोकून होते. पावणेचार तासांचा क्रिकेटचा सिनेमा, आणि प्रेक्षक बेसबॉलवाले! त्याला नामांकन मिळालं, 'श्वास'ला नाही. मत मिळवणं ही फार पुढची पायरी. लहान सिनेमाचा सगळा जीव एवढ्यातच जातो की कुणीतरी तो पुरता बघावा.

माझा मुद्दाही तेवढाच आहे. आपण एरवी जे निवडतो ते आपल्याला आधीच आवडणारं असतं, आणि ॲप तर त्याच्याही पुढे जाऊन तेच तेच पुढ्यात टाकतं. यादी माझी आवडनिवड विचारत नाही.

२०२५ च्या यादीतला 'निकेल बॉइज' मी आपणहून कधीच लावला नसता. साठच्या दशकातलं फ्लोरिडा, एका सुधारगृहात डांबलेली दोन कृष्णवर्णीय मुलं. दिग्दर्शक रामेल रॉसने कॅमेरा त्या मुलांच्या डोळ्यांच्या जागी ठेवलाय. त्यातला एल्वूड जे बघतो तेच आपल्याला दिसतं, त्यामुळे त्याचा स्वतःचा चेहरा बराच वेळ नीट दिसतच नाही. आजी इस्त्री करत असते आणि त्या पुढेमागे सरकणाऱ्या इस्त्रीच्या चकचकीत पत्र्यात त्या पोराचं प्रतिबिंब, बस्स. पहिला काही वेळ मला गरगरायला लागलं. एरवी मी बंद करून पोळ्या करायला गेले असते. पण यादीत होता म्हणून बसले. पुढे सुधारगृहाच्या जेवणघरात एल्वूडला टर्नर भेटतो आणि तोच प्रसंग पुन्हा, आता टर्नरच्या डोळ्यांतून दिसतो. तिथे समोर बसलेला एल्वूड आपल्याला पहिल्यांदा धडपणे दिसतो. कुणीतरी बघितल्यावरच आपल्याला चेहरा मिळतो, हे त्या जागी एक शब्दही न बोलता अंगावर येतं. सिनेमाला दोन नामांकनं होती, बक्षीस एकही नाही. त्या वर्षी पाच ऑस्कर घेऊन गेलेला 'अनोरा' मला आवडला, पण डोक्यात राहिली ती इस्त्री.

उलटंही होतं. त्याच वर्षी सर्वाधिक तेरा नामांकनं मिळवणारा 'एमिलिया पेरेझ' मी दात-ओठ खात संपवला. मेक्सिकोची गोष्ट आणि चित्रीकरण बहुतांशी फ्रान्समधल्या स्टुडिओत! झोई साल्डानाला मिळालेलं ऑस्कर मान्य, बाकीच्याबद्दल भेटल्यावर बोलू. पण नावं ठेवायचा हक्क मी शेवटपर्यंत बसून कमावलाय. ट्रेलर बघून समीक्षा लिहिणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

घरच्यांना यात ओढायचं असेल तर छोट्या विभागांतून शिरा. लॅटव्हियाचा 'फ्लो' हा ॲनिमेशनपट आमच्या सासूबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यात एकही संवाद नाही, म्हणजे सबटायटलची कटकट नाही. पुरात सापडलेलं मांजर आणि त्याच्याबरोबर होडीत बसलेला कॅपीबारा. "अगं, ही घूस किती शांत आहे," असं म्हणून त्यांनी कॅपीबाराला घरच्यात घेतलं आणि लगेच विचारलं, "मांजर बुडत नाही ना शेवटी? आधी सांग, नाहीतर मी आत जाते." हा सिनेमा ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय आणि त्याने मोठमोठ्या स्टुडिओंना मागे टाकून ऑस्कर नेलं, हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या नातवाला शिकव की ते." लघुपटांत 'आय ॲम नॉट अ रोबोट' होता. कॅप्चा (म्हणजे आपण माणूसच आहोत हे सिद्ध करायला वेबसाइट घालते ते कोडं) सुटत नाही म्हणून आपण खरंच रोबोट तर नाही ना, अशी शंका आलेल्या बाईची गोष्ट. जेमतेम वीस-बावीस मिनिटं, यूट्यूबवर फुकट, आणि ऑस्करही त्यालाच.

"सगळे" हा शब्द मात्र भारतात बसून जरा जपूनच वापरावा लागतो. काही सिनेमे सोहळ्यानंतर येतात, काही येतच नाहीत, आणि आले तरी तेच असतील याची खात्री नाही. २०२४ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणाऱ्या 'ओपनहायमर'मध्ये आपल्याकडे एका प्रसंगात अभिनेत्रीच्या अंगावर संगणकाने काळा ड्रेस चढवला होता. म्हणजे आपण नेमकं काय पाहिलं म्हणायचं? शिवाय थिएटरवाले इंग्रजी सिनेमाचं वाक्य अर्धवट तोडून मध्यंतर करतात. 'द ब्रुटलिस्ट'मध्ये दिग्दर्शकानेच पंधरा मिनिटांचं मध्यंतर घातलंय, पडद्यावर लग्नाचा फोटो आणि वेळेची उलटी मोजणी. निदान पॉपकॉर्नची रांग त्यात बसते. बेकायदा लिंका मला पाठवू नका, जे मिळत नाही ते मी यादीत कोरं सोडते.

यंदा कुणाला सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये हात वर करा. लघुपटांपासून सुरुवात करू. साडेतीन तासांचं काही निघालं तर रविवारी सकाळी ठेवू, कारण रात्री लावलं की आमचे अहो मध्यंतरालाच घोरायला लागतात आणि सकाळी उठून शेवट काय झाला ते मलाच विचारतात.