आयआरक्यू पाच की सात?

१९९३ साली आलेल्या ‘डूम’ या राक्षस मारायच्या संगणकी गेममध्ये भेटणारा पहिला राक्षस म्हणजे सेटअप, आवाजाची जुळणी करून घेणारा प्रोग्रॅम. खेळ सुरू व्हायच्या आधी तो उलटतपासणी घेतो. संगीतासाठी कोणतं कार्ड? आवाजासाठी कोणतं? पोर्ट २२० की २४०? आयआरक्यू पाच की सात? डीएमए एक की तीन? विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं, देणाऱ्यालाही नसतं, तरी दोघांनीही कमालीचं गंभीर राहायचं असतं. चुकीचं उत्तर दिलं तर तो ‘चूक’ असंही म्हणत नाही. तोंड मिटून पुढे जातो आणि मग तुम्ही बसा शोधत.

माळ्यावरचा जुना पेंटियम संगणक मी खाली काढला तो दोन संध्याकाळी मजेत जातील म्हणून. आत आयएसए या जुन्या पद्धतीच्या खोबणीत बसणारं लांबलचक साउंड कार्ड होतं, म्हणजे संगणकाला आवाज देणारी पट्टी. त्याच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मलाच ते माहीत नाही. खोक्यावर ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ हे शब्द एवढे मोठे छापले होते की बिचाऱ्यांना स्वतःचं नाव लिहायला जागाच उरली नसावी. तेव्हा सगळीच कार्डं असला दाखला गळ्यात घालून फिरायची. सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं १९८९ मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर काढलं, गेमवाल्यांनी तेच प्रमाण मानलं आणि बाकीच्यांना आपण तेच आहोत असं भासवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आधी आवाजाचा घोळ निस्तरायला घेतला. आयआरक्यू म्हणजे कार्डानं प्रोसेसरला मारायची हाक. ‘हातातला तुकडा वाजवून झाला, पुढचं काय’ हे विचारायची तेवढीच एक सोय. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरचा ठरलेला नंबर सात होता, पण सातवर प्रिंटर आधीपासून राहायला. म्हणून पुढच्या कार्डांनी पाच धरला. पाच हा दुसऱ्या प्रिंटरसाठी राखीव होता आणि घरात दोन प्रिंटर असलेला माणूस निदान माझ्या तरी पाहण्यात नव्हता. तेव्हा पाच बिनधोक. फक्त माझ्या पेंटियममध्ये पाचवर मॉडेम ठाण मांडून होता. ज्या फोनलाइनसाठी तो घेतला, ती लाइन कधीच कापली गेली होती, पण म्हणून त्यानं नंबर सोडला नव्हता.

दोघांनी एकच नंबर सांगितला की मोठी मौज होते. कार्ड हाक मारतं, प्रोसेसर भलत्याच दाराला कान लावून बसलेला. पुढचा तुकडा येत नाही, म्हणून कार्ड हातातलाच तुकडा परत परत वाजवत राहतं. सेटअपमधलं ‘आवाज तपासा’ दाबल्याबरोबर खोलीभर ‘हक्, हक्, हक्, हक्’ सुरू झालं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “कुणाला एवढी उचकी लागलीय? पाणी द्या रे त्याला!”

मॉडेम उपटून काढला आणि उचकी थांबली. बंदूक खणखणीत, राक्षसांचं गुरगुरणं स्वच्छ, दारं घरघर करत वर जाऊ लागली. मेहुण्यानं स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला आणि कपभर चहा मागितला.

“संगीत नाहीये,” मी म्हणालो.

“दाजी, आवाज येतोय की!”

आवाज येणं आणि संगीत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला पटवून देताना चहा निवला. आज सगळा आवाज कुठूनही निघाला तरी शेवटी एकाच नळानं बाहेर पडतो. तेव्हा एकाच कार्डावर दोन स्वतंत्र बिऱ्हाडं असत आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नसे. बंदूक, किंकाळ्या वगैरे खरं ध्वनिमुद्रण, त्यासाठी आयआरक्यू आणि डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून आवाज थेट कार्डाकडे नेणारी वाट) लागायचा. संगीत मात्र मुद्रित नसायचंच. ते यामाहाची एक चिप जागच्या जागी तयार करायची. एक लहर घ्यायची, तिच्या जोरावर दुसरी लहर वाकवायची आणि निघेल त्याला कधी ट्रम्पेट म्हणायचं, कधी व्हायोलिन. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांची ही युक्ती, यामाहानं तिचे हक्क घेतले. १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डावर हीच चिप होती आणि तिच्या नऊ आवाजांत आख्खा वाद्यवृंद बसवावा लागे. तिचं दार, म्हणजे पोर्ट, ३८८. आयआरक्यू तिला लागतच नाही. म्हणजे मॉडेमशी आमचं जे युद्ध झालं, त्याच्याशी संगीताचा काडीचाही संबंध नव्हता.

“मग आपण तो मॉडेम उगाच काढला?” मेहुणा.

“उगाच कसा? उचकी नाही का थांबली?”

गोम सेटअपमधल्या यादीत निघाली. संगीताच्या कार्डांच्या नावांत मेहुण्यानं ‘जनरल मिडी’ निवडलं होतं, कारण ते वर होतं आणि वरचं चांगलंच असणार. वाईट नाहीच ते. १९९१ मध्ये ठरलेला तो करार, १२८ वाद्यांचे क्रमांक सगळ्यांनी सारखे पाळायचे. पण मिडी म्हणजे संगीत नव्हे, संगीताची फक्त हुकूमपत्रं. अमुक वाद्य, तमुक सूर, एवढ्या जोरात. ती वाचून वाजवणारं यंत्र वेगळं विकत घ्यायचं आणि ते आणायला वडिलांचा होकार लागायचा, जो आमच्या ओळखीच्या कोणत्याच घरात मिळाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा गेम बापडा इमानेइतबारे जॉयस्टिकच्या पंधरा पिनांच्या खोबणीतून गिटारचे, ड्रमचे हुकूम बाहेर सोडत होता. पलीकडे कुणीच नव्हतं. कुणी आहे का, हे विचारायची रीतही नव्हती. कार्ड म्हणतं सोडले, गेम म्हणतो पोचले.

यादीत खाली येऊन साउंड ब्लास्टर निवडलं. तरीही शांतता. कार्डाबरोबर आलेल्या मिक्सरमध्ये, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या प्रोग्रॅममध्ये, एफएमची (त्या यामाहा चिपच्या संगीताची) पट्टी शून्यावर होती. मास्टर वेगळा, व्हॉइस वेगळा, एफएम वेगळा, सीडी वेगळी, लाइन वेगळी. ही पट्टी शून्यावर कुणी नेली, यावर घरात आजही एकमत नाही.

(सीडीची पट्टी पाहून आठवलं. १९९६ च्या ‘क्वेक’चं संगीत नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरचं. ते गेमच्या फायलींत नव्हतंच, त्याच सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं होतं. सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जायची, ती जोडली असेल तरच ऐकू येणार. आमच्याकडे हातोहात फिरणाऱ्या सीडीत नुसत्या फायली उतरवलेल्या असत. त्यामुळे मित्रमंडळींतले बरेच जण ती भयाण शांतता हीच लेखकाची कल्पना समजून तिचं तोंडभर कौतुक करायचे.)

पट्टी वर केली आणि वाजलं! बॉबी प्रिन्सचं पहिल्या पातळीचं संगीत. गिटार नाक चोंदलेल्या सनईसारखी, ड्रम म्हणजे नुसतं खसखस, पण ठेका सोडायचं नाव नाही. माझी मान आपोआप हलू लागली. मेहुणा मात्र स्पीकरकडे संशयानं बघत होता.

“दाजी, कार्ड गेलंय का हो?”

तेवढ्यात लेक लॅपटॉप घेऊन आला. त्यात डॉसबॉक्स, म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात बसवलेला खोटा जुना संगणक. त्याच्या खोट्या साउंड ब्लास्टरचाही आयआरक्यू असतो आणि काही सांगितलं नाही तर तो सात असतो! जिथं प्रिंटर नाही, कार्ड नाही, खरी तारसुद्धा नाही, तिथंही पाच की सात हा वाद कुणीतरी प्रेमानं जपून ठेवलाय. पोरानं सरळ जनरल मिडी निवडलं. ते हुकूम झेलायला विंडोजमध्ये एक सिंथेसायझर आपसूक असतो, त्यातले सूर रोलँडच्या साउंड कॅनव्हासचे. वडिलांनी कधीच आणू दिलं नसतं, त्या यंत्राचे आवाज फुकटात! गिटार गिटारीच्या जवळपास वाजली, ड्रम ड्रमच्या. बायकोही दारात येऊन उभी राहिली. “हे बरंय,” म्हणाली. आई म्हणाली, “हेच आधी लावायचं ना!”

मला ते ऐकवेना. सगळं नको तितकं नीट होतं. पहिल्या वळणावर त्या सनईनं नाक ओढलं की मागून कुणीतरी येतंय हे माझ्या बोटांना कळतं. इथं नुसती उत्तम गिटार वाजत होती, आणि ती ऐकता ऐकता माझा दोनदा मुडदा पडला.

सगळे पांगल्यावर मी लॅपटॉपवरचा सेटअप उघडला, संगीताच्या यादीत खाली गेलो आणि साउंड ब्लास्टर निवडलं. सनई सुरू झाली. आतल्या खोलीतून मेहुणा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावत आला आणि लॅपटॉप पालथा करून स्क्रू शोधू लागला.