चटका बसू द्या, दार मात्र आतून दाखवा

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून खारघरपर्यंत, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. परीकथांच्या कार्टूनमध्ये चेटकिणीला भट्टीत ढकललेलं पोरांना दाखवावं का? एक गट म्हणतो, असलं काही नको, मुलं झोपेत दचकतात. दुसरा म्हणतो, आम्ही हेच ऐकत वाढलो, काय बिघडलं? मग कुणीतरी हमखास लिहितं, ‘परदेशात बघा, मुलांना किती जपतात!’

बघायचंच तर जर्मनीत बघू. ग्रिम बंधूंच्या परीकथा तिथल्याच, आणि कात्री खुद्द त्यांनीही चालवली होती. 1812 च्या पहिल्या आवृत्तीत या चेटकिणीच्या गोष्टीतल्या हान्सेल-ग्रेटेल भावंडांना जंगलात सोडून यायचा हट्ट धरणारी बाई त्यांची सख्खी आई आहे. 1840 च्या चौथ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. भट्टी मात्र 1857 च्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत जागची हलली नाही. मला ही कात्री अचूक वाटते. लहान मूल चेटकिणीला घाबरतं ते मजा म्हणून; खरी धडकी भरते ती घरच्यांनी टाकून दिलं तर, या विचाराने. रत्नाकर मतकरींच्या चिंची चेटकिणीला बघून मराठी पोरं खुर्चीत उड्या मारत हसली आहेत, ती काही उगाच नाही.

आता आपली चिऊ-काऊची गोष्ट पडद्यावर आणायची म्हणा. पाऊस, काऊचं शेणाचं घर वाहून गेलेलं, ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’. वाद होणार तो शेवटच्या चटक्यावर, कारण बऱ्याच घरांत सांगतात त्या गोष्टीत काऊ गरम चुलीवर बसतो आणि भाजतो. माझ्या मते चटका राहू द्यावा: एक ‘आई गं!’, शेपटाला धूर, दोन सेकंदांत विषय संपला. कसोटी आहे ती दारापाशी. कॅमेरा घरात ठेवला, तर चिऊ पिल्लाला आंघोळ घालतेय, पुसतेय, तीट लावतेय आणि दारावर टकटक चाललीय, यातून विनोद होतो. तोच कॅमेरा बाहेर नेऊन भिजलेल्या काऊच्या चेहऱ्यावर सहा-सात सेकंद रेंगाळला, वर व्हायोलिन लावलं, की चार वर्षांचं मूल रडायला लागतं. गोष्ट तीच, संवाद तेच. स्टोरीबोर्डच्या, म्हणजे शॉट कागदावर आखायच्या टप्प्यावर हे बदलायला अर्धा दिवस पुरतो; अ‍ॅनिमेशन झाल्यावर कुणी हात लावत नाही.

भट्टीचंही तेच. ग्रेटेल ढकलते, लोखंडी दार आपटतं, कॅमेरा ग्रेटेलवरच थांबतो, तीन सेकंद संगीत नाही, मग लगेच हान्सेलच्या कोंडवाड्याची कडी. एवढं पुरतं. बिघडतं ते खालून घेतलेल्या अँगलने, घुमवलेल्या किंकाळीने आणि धडाधड कटांनी. मग पालक चिडून गोष्टच काढून टाका म्हणतात.

दुसरं दुखणं लांबीचं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटं उरतात, आणि चिऊ-काऊ आजी पाच मिनिटांत सांगते. उरलेल्या वेळात मग एक पोटभरू उंदीर येतो, दोन गाणी येतात, एक पाठलाग येतो. जर्मनांनीही हे केलंय: 1999 च्या ‘सिम्सालाग्रिम’ मालिकेत प्रत्येक गोष्टीत तेच दोन विनोदी सोबती घुसवले आहेत, आणि कितीतरी भाग त्यांच्यापायी पातळ झालेत. चिऊ-काऊला आठ मिनिटं खूप झाली. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 12,000 फ्रेम होतात; 22 मिनिटांच्या 33,000. शिवाय टकटकीचा प्रसंग तीन-चारदा येतो, म्हणजे दाराचं एकच बॅकग्राउंड, शॉटची मांडणी तीच, बदलतं फक्त चिऊच्या हातातलं काम. निर्मात्याचे पैसे वाचतात, आणि मुलांना पुढचं वाक्य आधीच ओरडायला मिळतं.

जर्मनीकडून घ्यायचं असेल तर वेळापत्रक घ्या. ‘किका’ हे मुलांचं सार्वजनिक चॅनल जाहिराती दाखवत नाही. 1959 पासूनचा बाहुल्यांचा ‘झांटमेंशन’ तिथे संध्याकाळी 6:50 ला लागतो, दहाएक मिनिटांत आटोपतो, आणि पोरं झोपायला. रात्री नऊनंतर चॅनलवर कार्यक्रम नसतात (पावाच्या आकाराची एक कंटाळलेली बाहुली पडद्यावर रात्रभर तेच ते करत बसते, तो भाग वेगळा). पुढचा भाग आपोआप सुरू होणाऱ्या मोबाइलवर ही शिस्त कुठली यायची!

पण त्यासाठी जर्मनीत प्रत्येक घर महिन्याला 18.36 युरो भरतं, टीव्ही असो वा नसो. ठाण्यात असली पावती घेऊन दारात उभं राहून दाखवावं कुणी! आणि 6:50 ची वेळ आपल्याकडे चालणारही नाही. तेव्हा निम्मे आईबाप कल्याण लोकलमध्ये लोंबकळत असतात. मूल चटक्याला दचकलं तर शेजारी कुणी मोठं हवं, म्हणून आपली वेळ रात्री साडेआठची. सह्याद्री वाहिनीवर रोज आठ मिनिटं मागणं काही अवास्तव नाही. फक्त भागाच्या मधे जाहिरात नको, ही अट आधी लिहून घ्यावी लागेल, नाहीतर ब्रेक नेमका काऊ बाहेर भिजत असतानाच पडणार.