३० वर्षांचा सर्च आणि ६० वर्षांचं झाड

कोल्हापुरात झाडीतला जुना बंगला विकायला निघाला की घरोघरी दोन तट पडतात. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, टाकाळा, सगळीकडे वाद तोच. एक बाजू म्हणते, कशाला ती जुनी कटकट? पालापाचोळा, गळकं छत, भिंतीला भेगा, त्यापेक्षा नव्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घ्या. डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाची एकत्रित नियमावली आल्यापासून या बाजूला जोर आला आहे, कारण मोठ्या प्लॉटवरचा बैठा बंगला आता हिशेबात ‘वाया गेलेला एफएसआय’ (म्हणजे प्लॉटवर करता येणारं, पण न केलेलं बांधकाम) ठरतो. दुसरी बाजू म्हणते, झाडाला हात लावायचा नाही, परदेशात बघा लोक झाडं कशी जपतात.

परदेशातल्या झाडांचा दाखला दिला जातो म्हणून इंग्लंडमधून हे लिहितो आहे. लंडनच्या भोवतालच्या जुन्या उपनगरांत ओक, लाइम, प्लेनची शंभर-शंभर वर्षांची झाडं आहेत, हे खरं. पण तिथला कायदा आपल्यापेक्षा कडक आहे, हा मोठा गैरसमज आहे. इंग्लंडमध्ये साधारणपणे स्वतःच्या अंगणातलं झाड मालक उद्या सकाळी तोडू शकतो. अडतं ते दोन ठिकाणी. कौन्सिलने त्या झाडावर संरक्षणाचा आदेश काढला असेल तर लेखी परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय ते नष्ट केलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. वसाहत संरक्षित क्षेत्रात असेल तर दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोड असलेल्या झाडाला हात लावण्यापूर्वी कौन्सिलला सहा आठवड्यांची नोटीस द्यावी लागते. बाकीच्या झाडांना सहसा कुणी वाली नाही.

आपल्याकडे उलट आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. शहरात खाजगी अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या पुढचं झाड हेरिटेज ठरवलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. कागदावर हे इंग्लंडपेक्षा पुढचं आहे. मग तिथली झाडं टिकतात आणि आपली का जातात? माझ्या मते फरक खरेदीच्या पद्धतीत आहे. तिथे जुनं घर घेणारा सौदा पक्का करण्याआधी बरेचदा स्वतंत्र सर्व्हेयर लावतो. जुन्या घराचा सविस्तर अहवाल हजार पौंडांच्या आसपास पडतो, आणि त्यात झाड कोणतं, घरापासून किती अंतरावर, माती कसली, भेग कुठली, हे लिहून येतं. विमा कंपनीही हेच विचारते. झाडाचा खर्च आणि धोका किमतीतच धरला जातो, म्हणून घर ताब्यात आल्यावर घाबरून कुऱ्हाड चालवायची वेळ कमी येते.

आपल्याकडे वकील मालकी तपासायला नोंदणी दस्तांचा ३० वर्षांचा सर्च काढतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) तपासतो. अंगणातल्या ६० वर्षांच्या झाडाकडे मात्र इसार पावती होईपर्यंत कुणी वर मान करूनही बघत नाही. ताबा मिळाल्यावर पहिल्या वळवात फांदी गाडीवर पडते आणि मग ‘झाड धोकादायक आहे’ असा अर्ज जातो.

तेव्हा तसा सर्व्हे घर घेणाऱ्याने स्वतःच करून घ्यावा. सुरुवात मातीपासून. लंडनखालची चिकणमाती आणि आपली काळी माती यांचा स्वभाव एकच आहे. पाणी मिळालं की फुगते, सुकली की आकसते. कोल्हापुरात सागरमाळ, विद्यापीठ या चढाच्या अंगाला मुरूम लवकर लागतो, तिथे हा प्रश्न फारसा नाही. पंचगंगा नदी आणि जयंती नाल्याकडे उतरत जावं तशी काळी माती खोल होत जाते. दोन गडी लावून भिंतीलगत पाच फुटांचा एक खड्डा काढला की पाया मुरमात टेकलाय की काळ्या मातीतच थांबलाय, ते अर्ध्या दिवसात कळतं. मालक नको म्हणाला तर शेजारी कुठे बांधकाम चालू असेल त्याचा खड्डा बघावा.

काळ्या मातीतलं मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतं, माती आकसते, कोपरा खचतो. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी जाते आणि बहुधा वर रुंद, खाली अरुंद असते. नुसत्या गिलाव्याची केसासारखी भेग वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही. ५ मिलिमीटरपर्यंतची भेग सहसा दुरुस्तीची असते. त्यापुढे स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच. पण यावर झाड तोडणं हा उपाय समजू नये. इतकी वर्षं पाणी ओढणारं झाड एकदम गेलं की ते पाणी मातीतच राहतं, माती फुगते आणि जमीन वर उचलली जाऊन फरशी फुटते. इंग्लंडमध्ये घराच्या आधीपासून असलेलं झाड तोडण्यापूर्वी इंजिनिअरला विचारतात ते याचसाठी. आपल्याकडे यात आणखी एक भर असते. बुंधा कापून खुंट जमिनीत ठेवला की त्याला वाळवी लागते आणि तिथून ती कौलाखालच्या वाशांपर्यंत पोचते.

मुळांसाठी किमान किती जागा सोडावी, याचा एक सोपा अंदाज आहे; मुळं त्याच्याही पलीकडे गेलेली असू शकतात. ब्रिटिश मानकात दीड मीटर उंचीवरच्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचा गोल हा मुळांचा राखीव भाग धरतात. आपल्याकडे टेप घेराला लावतात, म्हणून हिशेब असा करावा: घेर गुणिले चार. १९० सेंटिमीटर घेराचं झाड असेल तर सुमारे साडेसात मीटर. त्या गोलात पाण्याची टाकी, नवा ड्रेनेज चर, गाडीसाठी काँक्रीट, यांतलं काहीही येणार असेल तर झाडाचं आणि त्या कामाचं, दोघांचंही नुकसान ठरलेलं.

आता झाड. आपल्या जुन्या वसाहतींत रस्त्याकडेला आणि कुंपणालगत गुलमोहर, रेन ट्री, पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर) जास्त. मागच्या अंगणात आंबा, फणस, नारळ. यातला गुलमोहर सगळ्यात बेभरवशाचा. मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ, आणि एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात आडवा होणाऱ्यांत तो पुढे. त्याच्या बुंध्याशी गुडघ्यावर बसून नीट बघावं. जमिनीलगत खोडाला चिकटलेली तपकिरी, लाकडासारखी कडक, कडेला पांढुरकी अशी कानाच्या आकाराची अळंबी दिसली तर आतली मुळं कुजत आहेत असं समजावं, वर पानं कितीही हिरवीगार असोत. लाकडी हातोडीने खोड चारी बाजूंनी ठोकावं. निरोगी लाकूड बंद आवाज देतं, पोकळ जागी ढोलासारखा घुमतो. झाड कललेलं असेल तर कलाच्या विरुद्ध बाजूच्या मातीला नवी चीर आहे का बघावं. नुसता कल चालतो, कलासोबत चीर चालत नाही. विजेच्या तारांसाठी वर्षानुवर्षं एकाच बाजूने छाटलेल्या झाडाचा तोल दुसरीकडे गेलेला असतो. ती छाटणी तोल सावरून, टप्प्याटप्प्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज द्यावा. बुंध्याला गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घातले असतील तर ते काढायचा खर्च पहिल्याच महिन्यात धरावा. मला विचाराल तर आपल्या शहरांत कुऱ्हाडीइतकीच झाडं या पेव्हरनेही मारली आहेत.

भिंतीतलं पिंपळाचं किंवा उंबराचं रोप हा वेगळा विषय. वरून कापलं की ते दुप्पट फुटतं. विटा सोडवून मूळ काढावं लागतं आणि तेवढा भाग पुन्हा बांधावा लागतो.

झाडीतल्या घराचं खरं दुखणं सहसा ड्रेनेज असतं. जुन्या घरांत चेंबर ते चेंबर स्टोनवेअरचे (भाजलेल्या मातीचे) पाइप, सिमेंटने जोडलेले. सांधा केसाएवढा उघडला तरी मूळ आत शिरतं आणि आत जाऊन झुपका होतं. इंग्लंडमध्ये पाइपात कॅमेरा सोडून बघतात. आपल्याकडे तो नसला तरी चालतं: वरच्या चेंबरमध्ये एकामागून एक पाच बादल्या पाणी ओतावं आणि खालच्या चेंबरवर कुणाला तरी उभं करावं. पाणी एका दमात आलं पाहिजे. रेंगाळत आलं, किंवा त्याबरोबर केसांसारखी तंतुमुळं आली, तर ती लाइन पीव्हीसीने बदलायची असं धरून भावात बोलावं. छतावर स्लॅबच्या कोब्याला तडे आहेत का आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का, हेही बघावं. जाळी नसेल तर जूनमध्ये पेल्टोफोरमच्या बारीक पानांनी पाइप भरतो आणि गच्चीचं तळं होतं.

पूररेषेबद्दल थोडक्यात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रमणमळा आणि नागाळा पार्कचा सखल भाग यात येतो. निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटींसह. नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्यावाच, शिवाय शेजारच्या तीन घरांत २०१९ साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते विचारावं. त्याच दाखल्यासोबत डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याचा अभिप्रायही मागावा; रुंदीकरणात कुंपणालगतची झाडांची ओळच जाणार असेल तर आपण नेमकं काय विकत घेतोय, हा प्रश्न उरतो.

घर महापालिका हद्दीबाहेर असेल तर आणखी एक गोष्ट. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून आपण हद्दवाढीवर भांडतो आहोत, पण घरफाळा आणि पाणीपट्टीच्या पलीकडे बोलत नाही. ग्रामीण भागातल्या वृक्षतोडीला १९६४ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशा ठरावीक जातींची यादी आहे. गुलमोहर, रेन ट्री त्यात नाहीत. शेजारच्या प्लॉटमधली सावली बघून घर घेणाऱ्याने तिथे परवानगी कुणाची आणि कशाला लागते, हे आधी विचारावं.

परदेशस्थ भारतीयांसाठी: राहण्याचं घर घेता येतं, शेतजमीन आणि फार्महाऊस नाही. त्यामुळे बिगरशेती आदेश आणि मालमत्ता पत्रकावरचा सत्ता प्रकार (जमीन कुठल्या हक्काने धारण केली आहे) दोन्ही बघा. ‘ब’ सत्ता प्रकार असेल तर मूळ आदेशातल्या अटी वाचल्याशिवाय इसार देऊ नका. पैसे बँकेमार्फतच द्या, म्हणजे परदेशातून पाठवून किंवा एनआरई, एनआरओ अशा खात्यातून. विकणारा निवासी भारतीय असेल आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापायचा असतो. विकणारा परदेशस्थ असेल तर दर बराच जास्त आणि किमतीची किमान अट नाही. जुन्या बंगल्याच्या चार वारसांपैकी एक हमखास परदेशात असतो, म्हणून हे प्रत्येक वारसाबाबत वेगवेगळं तपासावं. भावाला किंवा मेव्हण्याला कुलमुखत्यारपत्र देणार असाल तर ते या एका मिळकतीपुरतंच द्या. ते दूतावासात साक्षांकित किंवा अपॉस्टिल (त्या देशाच्या सरकारचं अधिकृत प्रमाणन) करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. त्यात एक ओळ स्पष्ट घाला: विकसन करार करण्याचा आणि झाड तोडण्याचा अर्ज देण्याचा अधिकार यात नाही. ही ओळ त्या माणसावरच्या अविश्वासापोटी नाही. घर बंद असताना बिल्डर आणि शेजारी दोघंही त्याच्याच दारात जातात, आणि मग ही ओळ दाखवून त्याला नाही म्हणता येतं.

शक्य असेल तर घर दोनदा बघावं. एकदा मेअखेर, जमीन सर्वांत कोरडी असताना. त्या दिवशी मालकाच्या परवानगीने प्रत्येक मोठ्या भेगेवर आडवी काचपट्टी सिमेंटने चिकटवावी, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने तारीख घालावी आणि फोटो काढून ठेवावा. मग सप्टेंबरात पुन्हा जावं. भेग मेपेक्षा अरुंद झाली किंवा मिटलेली असेल तर माती फक्त ऋतूप्रमाणे श्वास घेते आहे, पायाभोवती पाणी साचू न देता घर चालवता येईल. पट्टी तुटली असेल आणि भेग मेपेक्षा रुंद झाली असेल तर झाडाला दोष देण्याआधी त्या कोपऱ्याजवळचं ड्रेनेज चेंबर उघडून बघावं.