अनडिफाइंड दिसलं की पांघरूण घाला

रिॲक्ट नेटिव्हमध्ये (जावास्क्रिप्ट भाषेत मोबाइल ॲप बनवायचं साधन) काम करताना मोबाइलवर लाल पडदा आला आणि त्यावर 'अनडिफाइंड इज नॉट ॲन ऑब्जेक्ट' (म्हणजे जिथे किंमत हवी तिथे काहीच नाही) असं झळकलं, तर सर्वात आधी एक पथ्य पाळा: ते पूर्ण वाचू नका. पुढच्याच कंसात नेमकं काय सापडलं नाही ते लिहिलेलं असतं, खाली फाइल आणि ओळीचा आकडाही असतो. वाचलंत तर काम पाच मिनिटांत संपेल, मग उद्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या बैठकीत) काय सांगाल? त्यापेक्षा मेट्रो (कोड गोळा करून ॲपला पुरवणारा प्रोग्रॅम) बंद करून चालू करा. कॅशे साफ करा. नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे उसन्या आणलेल्या कोडचं, अख्खं फोल्डर उडवा आणि इन्स्टॉल लावून चहाला जा. परत याल तेव्हा एरर जागच्या जागी असेल, पण तुम्ही ताजेतवाने असाल.

टाइपस्क्रिप्ट (ॲप चालवण्याआधीच चुका दाखवणारी जावास्क्रिप्टची बहीण) आधीपासूनच कुरकुरत असेल, तर नावापुढे एक उद्गारचिन्ह ठोका. त्याचा अर्थ 'आहे हो, मी सांगतोय ना!' कंपायलर बिचारा विश्वास ठेवतो. ॲप चालताना त्या चिन्हाचा मागमूसही उरत नाही, पण तेव्हा फोन दुसऱ्याच्या हातात असतो.

बॅकएंडवाल्यांशी (सर्व्हरची बाजू सांभाळणाऱ्यांशी) वाद मात्र जरूर घाला. माहिती पाठवण्यासाठी तिचा मजकूर बनवताना (जेसन स्ट्रिंगिफाय करताना) ऑब्जेक्टमधली अनडिफाइंड किंमत तिच्या नावासकट गळून पडते. म्हणजे तुम्ही 'पाठवलं' म्हणायचं, त्यांनी 'आलंच नाही' म्हणायचं, आणि दोघंही खरं बोलत असल्यामुळे दोन स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) आरामात निघतात.

अगदीच गळ्याशी आलं तर रामबाण उपाय आहेच: प्रश्नचिन्ह आणि टिंब. या जोडीला ऑप्शनल चेनिंग म्हणतात: आधीची किंमत नसेल तर पुढचं न शोधता गप्प बसायचं. ते २०२० साली जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीत आलं, तेव्हापासून आमच्या धंद्यात सुबत्ता आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये नल रेफरन्स ('इथे काहीच नाही' असं दाखवणारी खूण) आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. (चूक कबूल करायला ४४ वर्षं, आपल्याला अजून वेळ आहे.) जावास्क्रिप्टने तर एका नलवर न भागवता अनडिफाइंडही जोडीला ठेवलं. तेव्हा हळदीकुंकवासारखं दिसेल त्या टिंबाआधी प्रश्नचिन्ह लावत सुटा. किंमत का आली नाही, हे विचारायचं नाही. ॲप कोसळत नाही, नुसतं कोरं दिसतं. आणि कोऱ्या पडद्याचा क्रॅश रिपोर्ट येत नाही. डॅशबोर्ड हिरवागार, मॅनेजर खूश.

आमच्याकडे हा प्रयोग यशस्वी झाला आहे. घरपोच किराण्याचं ॲप होतं. यादीतून ऑर्डरवर टिचकी मारली की पुढच्या स्क्रीनला ऑर्डर मिळायची. नोटिफिकेशनवरून थेट आलं की पॅराम्सच (स्क्रीनला सोबत दिली जाणारी माहिती) रिकामे. आम्ही कायम यादीतूनच तपासायचो. कारण नोटिफिकेशन तपासायचं तर ते आधी पाठवावं लागतं, आणि त्याचा पासवर्ड रजेवर गेलेल्याकडे. क्रॅश यायला लागले तसं मी शुक्रवारी संध्याकाळी सात प्रश्नचिन्हं पेरली आणि घरी गेलो. क्रॅश शून्य!

एवढंच, की पॅराम्स अजून रिकामेच होते आणि वेळेची ओळ टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये (मधल्या जागी किंमत भरून तयार होणाऱ्या वाक्यात) होती. नुसतं अनडिफाइंड रिॲक्ट दाखवत नाही, गिळून टाकतं. टेम्प्लेट स्ट्रिंग मात्र ते अक्षरशः छापते. सोमवारी ग्राहक सेवेतली मुलगी रेकॉर्डिंग घेऊन आमच्या टेबलाशी आली. एका आजींना नातवाने स्क्रीन वाचून दाखवली होती: 'तुमची ऑर्डर अनडिफाइंड वाजता येईल.'

"अहो," आजी म्हणत होत्या, "अंडी कुणी मागवली? आमच्याकडे चालत नाहीत. साबुदाणा तेवढा पाठवा, उद्या चतुर्थी आहे."