विवाल्दी ऐकायचा तर उन्हाळ्यापासून

विवाल्दी या इटालियन संगीतकाराच्या ‘फोर सीझन्स’ची, म्हणजे चार ऋतूंवरच्या चार रचनांची, वाट लावली ती ‘स्प्रिंग’ने. म्हणजे त्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाने. हॉटेलची लॉबी, फोनवर ताटकळत ठेवताना वाजणारी धून, सगळीकडे तेच. त्यामुळे फुलं, पाखरं आणि आनंदीआनंद, यापलीकडे या संगीतात काही नाही असा समज झालाय. माझं म्हणणं, सुरुवात ‘समर’पासून करा.

१७२५ साली अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या बारा व्हायोलिन कॉन्चेर्तोंमधले, म्हणजे सोलो व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांमधले, हे पहिले चार. प्रत्येकासोबत एक सुनीत आहे. कवीचं नाव दिलेलं नाही. विवाल्दीनेच लिहिली असावीत असं बरेच जण मानतात. सुनीतांच्या ओळी नोटेशनमध्ये नेमक्या जागी टाकल्यात. इथे झरा, इथे वारा, इथे कुत्रा. हो, कुत्रा! ‘स्प्रिंग’च्या दुसऱ्या भागात शेळ्या राखणारा झोपलाय, बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ करतायत आणि व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुरातली बहीण, एकाच सुरावर भुंकतेय. ‘कायम खूप जोरात आणि तोडून वाजवा’ अशी सूचनाही आहे. तरी बहुतेक वादक त्या कुत्र्याला अगदी सभ्य करून टाकतात.

आता ‘समर’. कॉन्चेर्तोची रीत अशी की आधी सगळा ताफा मिळून एक ठसठशीत मुखडा वाजवतो, तो पुनःपुन्हा येतो आणि मधल्या जागा सोलो व्हायोलिनच्या. इथे तो मुखडाच गळालेला आहे. दोन सूर, थांबणं. पुन्हा दोन सूर, पुन्हा थांबणं. ‘उन्हाने आलेली मरगळ’ असं नोटेशनवरच लिहिलंय. माणसं, गुरं सगळी आडवी झालीत. मग कोकीळ, पारवा, मंद झुळूक, आणि एकाएकी उत्तरेचा वारा तिच्यावर तुटून पडतो. गुराखी पोरगा रडायला लागतो, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला कळलंय. दुसऱ्या भागात तो दमून पडलाय, पण माश्या झोपू देत नाहीत आणि मधेमधे आभाळ गडगडतं. तिसरा भाग म्हणजे सरळ गारपीट. सुनीत म्हणतं, त्याची भीती खरी ठरली. गारांनी उभ्या पिकाच्या ओंब्या छाटल्या. विवाल्दी इथेच थांबतो. ‘स्प्रिंग’मध्येही वादळ येतं, पण नंतर पाखरं पुन्हा गायला लागतात. इथे तसली सोय नाही. म्हणून हा तिसरा भाग कुणी निव्वळ वेगाची कसरत म्हणून वाजवला, की मला राग येतो. आपल्याकडे गारपिटीची बातमी वाचलेल्या माणसाला तर तो वेग कशाचा आहे हे सांगायला नको.

‘आपल्या संगीतातला राग ऋतूचा भाव धरतो, हे पाश्चात्त्य लोक नुसते आवाज काढतात, बालिश आहे’ असं म्हणणारे भेटतात. पक्ष्यांच्या नकला सोप्या आहेत, मान्य. पण उकाडा दाखवायला ज्याने मुखड्याचाच कणा काढून घेतला, त्याला नकलाकार कसं म्हणायचं?

‘ऑटम’ मला जरा सैल वाटतं. सुगीनंतरची दारू पिऊन झोकांड्या खाणारं सोलो व्हायोलिन तेवढं झकास. ‘विंटर’च्या मधल्या भागात मात्र बाहेर पाऊस, म्हणजे बोटांनी छेडलेल्या तारा, आणि आत शेकोटीजवळ बसलेली ती लांब, निवांत धून. दोन मिनिटांत संपते म्हणून चडफडायला होतं.

रेकॉर्डिंग कुठलं? मखमली, गुळगुळीत नको. निकोलाउस हार्नोनकूर यांच्या वाद्यवृंदाचं १९७७ चं घ्या. सोलो व्हायोलिन अ‍ॅलिस हार्नोनकूर यांचं आहे. जुन्या पद्धतीच्या, प्राण्यांच्या आतड्याच्या तारा आहेत, काही जागी कानाला ओरखडे येतील. येऊ द्या. आणि सुनीतांचं भाषांतर नेटवर सहज मिळतं, ते समोर उघडून ठेवा. भुंकणाऱ्या व्हिओलाबद्दल वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये या.