पीटीला पीटी सांगा, पीटी चेक करा

मेडिकल स्क्राइब म्हणजे नेमकं काय हे आमच्या सोसायटीत समजावून सांगणं हाच एक वेगळा जॉब आहे. अमेरिकेतला डॉक्टर तिकडं पेशंट तपासतो, मी इकडं पुण्यात सिंहगड रोडला हेडफोन लावून दोघांचं बोलणं ऐकते आणि डॉक्टरच्या सिस्टीममध्ये त्याची नोट टाईप करते, झालं, एवढंच. पण एवढं सांगूनही "म्हणजे तू डॉक्टर नाहीस, नर्सपण नाहीस, मग रात्रभर करतेस काय गं?" हे येतंच. आई मात्र सगळ्यांना सांगते, "डॉक्टरकडं लागलीय." त्यात खोटं काहीच नाही, आणि त्यामुळंच पुढचं सगळं रामायण झालं.

आधी ट्रेनिंगबद्दल. माझं बीएस्सी झूलॉजी, त्यामुळं मी जरा हवेत होते, म्हणलं शरीराचे अवयव काय नवीन आहेत का आपल्याला. आणि खरं सांगू, ज्या ग्रीक-लॅटिन शब्दांना सगळे घाबरतात ना, ते बिचारे गरीब स्वभावाचे आहेत. शाळेत समासाचा विग्रह करायचो तसं तोडत जायचं की ते स्वतःहूनच सगळं सांगून टाकतात. शेवटी 'आयटिस' आलं की सूज, 'टॉमी' आलं की कापलं, 'एक्टमी' आलं की कापून काढूनच टाकलं, 'ऑस्टॉमी' आलं की भोक पाडून वाट करून दिली. इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी घ्या. अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात, आणि हे सगळं आत दुर्बीण घालून बघणं. मी हा शब्द अख्खा पाठ केला, स्पेलिंगसकट, भांडी घासताना म्हणून बघितला, आणि लाईव्ह बसल्यावर डॉक्टर काय म्हणाला? "ईजीडी." बास, तीन अक्षरं, पुढचा पेशंट.

तर खरा छळ इथून सुरू होतो. डॉक्टर लोक पूर्ण शब्द बोलतच नाहीत. हिस्ट्रीचं एचएक्स, डायग्नोसिसचं डीएक्स, ट्रीटमेंटचं टीएक्स, फ्रॅक्चरचं एफएक्स, कशालाही मागं एक्स लावला की चाललं. पण माझा जीव घेतला तो पीटीनं. पीटी म्हणजे पेशंट. पीटी म्हणजे फिजिकल थेरपी. आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टचं नावपण पीटीच, प्रोथ्रॉम्बिन टाईम. म्हणजे "पीटीला पीटीला पाठवा आणि पीटी चेक करा" हे व्यवस्थित, शुद्धीवर असलेल्या माणसाचं वाक्य आहे. माझ्या डोक्यात तर पीटी म्हणलं की अजून मैदानावर उन्हात केलेल्या कवायतीच येतात.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं काही शॉर्टफॉर्मवर सरळ बंदी घातलीय. इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसता यू लिहायचा नाही, कारण तो घाईत शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 होतात. एमएस लिहायचं नाही, कारण ते मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट हे कळत नाही. ही लिस्ट वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे गोंधळ फक्त माझा होत नव्हता तर!

मग ते सारखे ऐकू येणारे. इलियम आणि इलियम. नाही, चुकून दोनदा नाही टाईप झालं, ते दोन वेगळे आहेत, एक आतडं आणि एक कमरेचं हाड, इंग्रजीत एका अक्षराचा फरक आणि कानाला शून्य फरक. हायपर आणि हायपो, हे दोघं तर भरभर बोलणाऱ्या अमेरिकन माणसाच्या तोंडून एकच होऊन बाहेर पडतात, एकात बीपी वर आणि दुसऱ्यात खाली. औषधांचं विचारूच नका, सेलेब्रेक्स सांधेदुखीला, सेलेक्सा डिप्रेशनला आणि सेरेबिक्स फिट्सना. नावं ठेवणाऱ्यांना ठेवायला दुसरी नावं मिळाली नाहीत का? वर आपलं पॅरासिटामॉल तिकडं ॲसिटामिनोफेन.

आणि आडनावं! कितीतरी तपासण्यांना आणि आजारांना डॉक्टरांचीच आडनावं दिलेली, त्यांचा विग्रह कसा करणार? मर्फी पित्ताशयात, मॅकबर्नी अपेंडिक्सपाशी, टिनेल आणि फॅलेन दोघं मनगटात. स्पेलिंगवरून मी स्जोग्रेन वाचायचे, ते निघालं शोग्रेन. एकच नाव मला आधीपासून येत होतं, गियाँ-बारे, तो नसांचा आजार, कारण जानेवारी 2025 मध्ये ते आमच्याच भागात आलं होतं. किरकटवाडी, नांदेड गाव, रोज बातम्या, घरोघरी पाणी उकळायला ठेवलेलं, आणि भाजीवाल्या मावशीपण "जीबीएस" असं सफाईदार म्हणायच्या. ट्रेनरनं विचारल्यावर मी एवढ्या आत्मविश्वासानं उत्तर दिलं की तो दोन सेकंद गप्पच झाला.

आता आईच्या "डॉक्टरकडं लागलीय"चा परिणाम. रात्रपाळी संपवून मी सकाळी झोपायला जाते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू फाईल घेऊन हजर. "अगं, एवढा एमआरआय बघ की." काकू, मला बघता येत नाही, मी फक्त टाईप करते. "मग वाच तरी." वाचते. पुढं चहा घेता घेता, "तुझ्याकडं काल कोण कोण आलेलं, काय काय होतं गं त्यांना?" ते सांगता येत नाही काकू, अमेरिकेत 1996 पासून कायदा आहे, पेशंटचं काही बाहेर सांगायचं नाही. काकूंचा चेहरा पडला, म्हणून मी त्यांना प्रत्येक आजाराला, अपघाताला जो कोड लावतात त्याची गंमत सांगितली, ती काही गुप्त नाही.

तिकडं 1 ऑक्टोबर 2015 पासून आजारांच्या कोडची जी यादी वापरतात तिच्यात 70,000 च्या आसपास कोड आहेत. बदकानं मारलं तर कोड आहे. विमानाच्या जेट इंजिनात खेचला गेलात तर कोड आहे, आणि त्यात 'नंतरची भेट' असापण वेगळा आहे, म्हणजे इंजिनातून निघून माणूस फॉलोअपला येतो! काकूंना बदकात इंटरेस्ट नव्हता. मग मी म्हणलं, झेड 63.1, सासरच्या लोकांशी संबंधात अडचण.

काकू सावरून बसल्या. "खरंच आहे? सरकारी?"

सरकारी.

"मग माझ्या सुनेबद्दल कुठला?"

तोच, काकू. सुनेनं सासूबद्दल तक्रार केली तरी तोच लागतो.

"असं कसं," काकू म्हणाल्या, "दोघींना एकच? एवढे 70,000 केले, अजून एक करायला काय झालं होतं त्यांना?" आणि एमआरआयची फाईल उचलून खाली गेल्या.